दम चालू आहे

जयंती कामावरून परतली तेव्हा तिची चार वर्षांची लेक अनुपमा उंबऱ्यात बसून पाटीवर रेघा ओढत होती. उजव्या हाताने. डावा हात पाठीमागे होता. पोरीने काहीतरी लपवलंय असं वाटून जयंती हसत जवळ गेली आणि तिचं हसू तिथेच विरलं. हात लपवलेला नव्हता, बांधलेला होता. जुन्या धोतराची मऊ चिंधी मनगटाला गुंडाळून तिचं दुसरं टोक फ्रॉकच्या मागच्या पट्ट्यात अडकवलं होतं. गाठ अशी बेतशीर, की दुखणारही नाही आणि सुटणारही नाही.

"आई, आजोबांनी माझ्या हाताला झोपवलंय," अनु म्हणाली.

जयंतीने सासऱ्यांकडे पाहिलं. गुणाजी कोचरेकर, म्हणजे घरादाराचे तात्या, खाटेवर बसून पानाला चुना लावत होते. "क-क-क..." तिचं सुरू झालं.

"कशाक बांधलंय, असाच ना?" तात्यांनी नेहमीप्रमाणे तिचं वाक्य पुरं केलं. "सांगतंय. सोमवारी बालवाडी उघाडतली. थय डाव्या हातान लिवला तर बाई हसतली. पंगतीत डावो हात, देवाक फूल घालूक डावो हात, बरा दिसता काय ता? आणि मी काय तिका मारतंय? नुसतो हात बांधलंय. आयतवारी देवाक नारळ ठेवूया, गाऱ्हाना घालूया, म्हंजे झाला."

हे शेवटचं वाक्य जयंतीला लागलं. हाताची चिंधी काय, ती तिने तिथल्या तिथे सोडली. पण तात्यांचं गाऱ्हाणं ही भांडुपच्या त्या चाळीत साधी गोष्ट नव्हती. घराघरांत लग्न असो, नवी नोकरी असो, पोराची परीक्षा असो, देवापुढे नारळ ठेवून चार लोकांदेखत खणखणीत आवाजात मागणं मागायला तात्यांनाच बोलावणं यायचं. ते एकेक वाक्य म्हणणार आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर शिक्का मारायचा. एकदा असं देवाच्या कानावर घातलं, की त्यातून माघार नाही. आज बांधलेली चिंधी उद्या सोडता आली असती. पण रविवारी सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं असतं, तर अनुचा डावा हात कायमचा गेला असता. मग सहदेव, म्हणजे जयंतीचा नवरा, तोसुद्धा म्हणाला असता, "आता देवाला सांगून झालंय ना, सोड की."

तो आठवडा मजेशीर गेला, म्हणजे बघणाऱ्याला मजेशीर. जयंती मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ती गेली की तात्या चिंधी बांधायचे, संध्याकाळी आली की ती सोडायची. दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हते. तात्या बोलत नव्हते, कारण बोलण्यासारखं काही उरलंय असं त्यांना वाटत नव्हतं. आणि जयंती का बोलत नव्हती ते सांगायला तिची ओळख करून द्यायला हवी. ती स्वतः करून देऊ लागली तर तुम्हाला थोडं थांबावं लागेल, आणि थांबायला कुणाकडे वेळ असतो!

जयंती अडखळत बोलायची. ज वर अडायची, क वर अडायची, प वर तर विचारूच नका. स्वतःचं नाव सांगायचं म्हणजे डोंगर. कुणी नाव विचारलं की ती आधी "मी ना" असं म्हणून घ्यायची आणि त्या धक्क्यावर पुढचा ज ढकलायची. शाळेत सगळ्या वर्गाने मिळून कविता म्हणताना मात्र कधी अडली नाही. सगळ्यांबरोबर बोलायचं असलं की तिची जीभ लोण्यासारखी चालायची. आरती, प्रार्थना, पाढे, गाऱ्हाण्यातलं व्हय म्हाराजा, कशात म्हणून अडकायचं नाही. एकटीने बोलायची वेळ आली की गाडी रुतायची.

ती मुळात डावरी. ती अनुएवढी असताना तिची आई शेवंती हिने तिचा डावा हात लुगड्याच्या काठाने बांधला होता. शेवंती काही दुष्ट नव्हती. डावरी मुलगी कुणी पत्करणार नाही या धास्तीने तिला झोप लागत नव्हती, एवढंच. त्याच सुमाराला जयंतीची जीभ अडायला लागली. आधी हात बांधला की आधी जीभ अडली, हे पुढे कुणालाच नीट आठवेना. शेजारणींनी आपापली कारणं काढली. कुणी म्हणालं, तोतऱ्याची नक्कल केली असेल. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मग जिभेला वेखंड चोळून झालं. जीभ चुरचुरली, बोलणं होतं तिथेच राहिलं. पोरगी उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला शिकली, बाकी सगळ्याला डावाच. लगोरी फोडायला डावा, भांडणात झिंज्या ओढायलाही डावाच.

त्या डाव्या हाताचं सोनं केलं ते वनमालाबाईंनी. शाळेत पीटीच्या बाई. मुलींचा कबड्डीचा संघ त्यांनी अगदी वेड्यासारखा वाढवला होता. बहुतेक पोरी चढाईला गेल्या की उजव्या हाताने गडी टिपतात, त्यामुळे कोपऱ्यात उभी असलेली पोर त्या हातावरच डोळा ठेवून असते. जयंती उजवा खांदा पुढे टाकायची, कोपरेवाली तिकडे झुकायची आणि भलत्याच बाजूने डावा हात येऊन तिला शिवून जायचा. बाई म्हणायच्या, "झकास! हा हात कुणाला दाखवू नकोस गं, फक्त लाव."

पण कबड्डीत नुसता हात चालत नाही, दम लागतो. समोरच्यांच्या अंगणात पाऊल टाकायच्या आधीच 'कबड्डी कबड्डी' सुरू व्हायला हवं आणि एका श्वासात, न तुटता, आपल्या अंगणात परत येईपर्यंत चालू राहायला हवं. आता कबड्डीचं पहिलं अक्षर कोणतं? क. देवाला सुद्धा चेष्टा सुचते कधी कधी. एकदा दम लागला, की मग तालावर तो सुरळीत चालायचा, आरतीसारखा. पण तो पहिला क!

बरं, एकोणीसशे ऐंशी साली घाटकोपरच्या मैदानावर जे घडलं ते याच क मुळे. उपांत्य सामना, गुण बरोबरीत, शेवटच्या काही चढाया राहिलेल्या. जयंती धावत मध्यरेषेवर आली, तोंडातून "क-क-क" निघालं आणि पाय मात्र रेषा ओलांडून गेला. पंचांनी शिट्टी फुंकली. दम उशिरा. गुण समोरच्यांना. मुली हिरमुसल्या, जयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दोरीपलीकडच्या गर्दीतून एक उंच, काळासावळा, पांढऱ्या टोपीचा माणूस तावातावाने आत घुसला आणि पंचांच्या नाकासमोर बोट नाचवू लागला.

"ओ पंचानू, डोळे असत मां? दम तुटलो खय? चेडवाची जीभ अडाकली! जीभ अडाकली म्हणान दम तुटना नाय! तिचो श्वास चालू होतो, मी आयाकलंय!"

पंचांनी नियम सांगितला. त्या माणसाने नियमाचा उद्धार केला. शेवटी दोघा स्वयंसेवकांनी त्याला धरून बाहेर नेलं, तरी जाता जाता तो ओरडतच होता. निर्णय अर्थातच बदलला नाही. सामना गेला. पण जयंतीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, की आपल्या अडलेल्या अक्षरासाठी एक परका माणूस भर मैदानात भांडतोय. तो माणूस म्हणजे गुणाजी कोचरेकर. गिरणीतली पाळी संपवून आलेला, तरुणपणी हुतूतू गाजवलेला, आणि मुलासाठी मुलगी शोधणारा.

त्या पराभवानंतर वनमालाबाईंनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे जयंतीला सांगितलं, "तू मध्यरेषेवर येऊन दम लावतेस ना, ते बंद. अगदी मागच्या रेषेपासून लावत ये. अडायचंय ना त्या शब्दाला? आपल्या अंगणात अडू दे. तिथे कोण शिट्टी मारतंय?" याने छाती फुटायची वेळ येत असे, कारण श्वास अर्धा आपल्याच अंगणात खर्च व्हायचा. जयंतीने मग श्वासच वाढवला. सकाळी पाणी भरताना, दुपारी धुणं आपटताना, सारखं पुटपुटणं चालू. माहेरच्या शेजाऱ्यांना वाटलं पोरगी जप करते. पुढच्या वर्षी मात्र तिला उशिरा दमासाठी कुणी परत पाठवलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाई तिला एका मोठ्या इस्पितळात वाचेच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेल्या. मृणालिनी नावाची तरुण बाई होती ती. तिने जयंतीला वाक्य संपेपर्यंत बोलू दिलं, घड्याळाकडे न बघता, आणि मध्ये शब्द पुरवले नाहीत. इतकं साधं सौजन्य जयंतीला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. मग जयंतीने विचारलं, लहानपणी हात बांधला म्हणून हे झालं का? तिला खरं तर हो ऐकायचं होतं. गुन्हेगार सापडला की निदान रागवायला जागा मिळते.

"पूर्वी मोठमोठी माणसं असं छातीठोक सांगायची," मृणालिनी म्हणाली. "आता तेवढं ठामपणे कुणी म्हणत नाही. मुलांचं अडखळणं एरवीही त्याच वयात सुरू होतं, हात बांधा की नका बांधू. संबंध असेलही, नसेलही. मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्यावर तू विश्वास ठेवू नकोस."

असेलही, नसेलही. जयंती बाहेर पडताना चिडली होती. एवढा प्रवास करून आलो आणि हे काय उत्तर? पण मग तिच्या लक्षात आलं, आईवर रागवायची सक्ती या उत्तराने उठली होती. घरी जाऊन तिने शेवंतीच्या हातचं कालवण पोटभर खाल्लं. उजव्या हाताने, सवयीने.

त्र्याऐंशीत तिचं सहदेवशी लग्न झालं. जमवलं तात्यांनीच. नातेवाईक कुजबुजले, मुलगी तोतरी आहे, वर डावरी. तात्यांनी सगळ्यांना झाडलं, "अरे, त्या डाव्या हातान तिना किती गडी मारल्यान, म्हायत असा तुमका? तसली सून माझ्या घरात येता, तुमच्या पोटात कशाक दुखता?" लग्नात बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, काही जणींनी तर मुद्दाम. उखाणा म्हणजे यमक आणि ताल, तिथे जयंतीला कसलं भय? ती मान वर करून म्हणाली,

"मध्यरेषा ओलांडली, मागे वळून नाही पाहिलं,
सहदेवरावांचं नाव मी एकाच दमात घेतलं."

मांडवात सगळ्यात मोठ्याने हसले ते तात्या. असा हा सासरा. आता तोच नातीचा डावा हात धोतराच्या चिंधीने बांधत होता आणि त्यात काही विसंगत आहे असं त्याला स्वप्नातही वाटत नव्हतं. सून मैदानावर डावरी होती ते कौतुकाचं. नात देवघरात डावरी, ते कसं चालेल? माणसाच्या डोक्यात असे दोन कप्पे असतात आणि मधलं दार बहुधा बंद असतं.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला अनु उजव्या हाताने घास उचलायला गेली, भात सांडला, आणि "प-प-पाणी" म्हणाली. एकदाच. घशात भात अडकला असेल, किंवा पोरं बोलतात तसं काहीतरी. पण जयंतीच्या हातातली पळी तशीच राहिली. तिने सहदेवकडे पाहिलं, त्याने ताटाकडे पाहिलं. वडिलांपुढे न बोलण्याची त्याची सवय जुनी होती. जयंतीला त्या क्षणी कळलं, उद्या जे काही बोलायचं ते आपल्यालाच बोलायचंय, आणि तेही एकटीने.

रविवारी सकाळी घर भरलं. शेजारचा धोंडू, त्याची बायको, वरच्या मजल्यावरची दोनचार माणसं, सगळी दाटीवाटीने बसली. देवापुढे नारळ ठेवला, विडा मांडला. अनुला नवा फ्रॉक घालून पुढे बसवलं होतं, हात तात्यांनी आधीच बांधलेला. जयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओठ हलत होते. मागच्या रेषेपासून दम लावत येणं चालू होतं.

तात्यांनी घसा साफ केला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कोचरेकरांच्या घरात तुका नारळ ठेवलो असा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जयंतीसुद्धा, सगळ्यांच्या सुरात, न अडखळता.

"ह्या चेडू उद्यापासून शाळेक जाता, तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची डाव्या हाताची खोड मोड, आणि जा काय करात ता उजव्या हातान करूक लाव रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

बाकीच्यांचं "व्हय" अर्ध्यावर लटकलं. धोंडूच्या बायकोने तोंडाला पदर लावला. तात्या हात जोडलेले तसेच ठेवून वळले. गाऱ्हाण्यात नाय म्हाराजा त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्या घरातल्या देवानेही नसेल ऐकलं.

"काय म्हणालस गो?"

"त-त-तात्या," जयंती पुढे आली. "हात ब-ब-ब..."

"बांधू नुको, असाच ना? अगो, पण..."

जयंतीने डावा हात वर केला. तळवा समोर, बोटं ताठ, चढाईत कोपरेवालीला रोखून धरावं तसा.

"द-द-दम चालू आहे माझा," ती म्हणाली. "मधे येऊ नका."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. पण दम चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. ते गप्प झाले. मग जयंती बोलली. सुरळीत बोलली असं सांगायला मला आवडलं असतं, पण नाही. ती प्रत्येक वाक्यात अडली, काही शब्दांवर इतका वेळ अडली की धोंडू अस्वस्थ होऊन चुळबुळला. तिने मान खाली घातली नाही, शब्द बदलले नाहीत, आणि कुणी पुरवलेला शब्द घेतला नाही. ती बोलली ते जोडून सांगायचं तर असं:

"माझाही हात बांधला होता, तात्या. त्याने माझी जीभ अडली का? असेलही, नसेलही. डॉक्टरलाही माहीत नाही, मलाही नाही. पण माझ्या पोरीवर मी ते करून बघणार नाही. हात मोकळा ठेवल्याने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलंय? घाटकोपरला तुम्ही पंचांशी भांडलात. जीभ अडकली म्हणून दम तुटत नाही म्हणालात. मला या घरात आणलंत ते याच हातासाठी ना? मग तो माझ्या मुलीच्या अंगावर आला तर त्याची खोड कशी झाली?"

एवढं बोलून ती थांबली. तिला धाप लागली होती. अनु आईकडे टक लावून बघत होती. सहदेव उठला आणि काही न बोलता बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याच्या हिशेबाने हे भाषणच होतं.

तात्यांनी नारळ सरळ केला. त्यांचा चेहरा पडला होता, हे कबूल करायला हवं. चार लोकांत सुनेने अडवलं, याचा सल म्हाताऱ्याला होताच. "गाऱ्हाना अर्धा रवला," ते पुटपुटले. "अर्धा ठेवूक येना नाय."

ते नातीजवळ खाली बसले. गाठ त्यांचीच होती, पण सुटता सुटेना. शेवटी दाताने ओढून त्यांनी ती सोडली, चिंधी खिशात कोंबली आणि पुन्हा उभे राहिले. हात जोडले. आवाज मघासारखा खणखणीत निघाला नाही.

"बा देवा म्हाराजा! मगाशी माझ्या तोंडातून जा गेला, ता आयकू नुको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"ह्या चेडवाक तू जो हात दिलंस, तो दिलंस. त्या हाताक बळ दी, आणि... आणि..."

तात्या अडले. आयुष्यभर गाऱ्हाणी घालणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. सगळी चाळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. धोंडूने तोंड उघडलं, तेवढ्यात जयंतीने त्याच्याकडे पाहून मान हलवली. पुरवू नको. सगळे थांबले. तात्यांनी सुनेकडे, अनुच्या आईकडे पाहिलं.

"आणि तेच्या आवशीसारखो दम दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी भिंती हादरल्या. त्यात अनुचा चिरका आवाज सगळ्यांत वर होता. तिला काय चाललंय ते फारसं कळलेलं नव्हतं, पण मोकळा झालेला हात तिने उंच केला होता, आणि तात्यांनी पुढे केलेलं खोबरं तिने त्याच हाताने घेतलं.